पावसात अग्लोनिमाचं खोड मऊ पडतं तेव्हा

वाचकाचं पत्र

गेल्या दिवाळीत गुलाबी पानांचा अग्लोनिमा आणला. कुंडी चिनी मातीची, ८ इंची, खाली बशी. माती घरामागची तांबडी, त्यात निम्मं शेणखत. तळाला खापऱ्यांचा थर घातला होता. उन्हाळ्यात पडवीत बरा होता, फक्त पानांची टोकं करपली. जूनमध्ये पावसाचं पाणी मिळावं म्हणून अंगणाच्या कडेला ठेवला, जुलैत परत आत घेतला. आता खालची चार-पाच पानं पिवळी होऊन गळालीत, खोड बुडाशी मऊ लागतं आणि नवं पान गुलाबीऐवजी हिरवट आलंय. पाणी रोज थोडं थोडं घालते, पानांवर फवारतेही. झाड वाचेल का? वाचलं तर त्यातलं एक रोप जावेला द्यायचं आहे. कधी द्यावं?
एक वाचक, देवगड

उत्तर

ताई, वरचा शेंडा टणक असेल तर झाड वाचेल. पण ते आजच कुंडीतून बाहेर काढा. ऑगस्टच्या ओल्या, उबदार हवेत कूज थांबून राहत नाही. आज बुडाशी असलेली मऊ जागा चार दिवसांत वरच्या पानांपर्यंत पोचू शकते, आणि एकदा शेंड्यात शिरली की काही करता येत नाही.

आधी पाणी आणि फवारणी दोन्ही बंद करा. कुंडी आडवी करून कडेने थोपटा आणि झाड मातीसकट बाहेर सरकवा. खोड धरून ओढू नका, मऊ झालेलं खोड हातात येईल. मग बादलीत साधं पाणी घेऊन मुळं धुवा. निरोगी मूळ पांढरं किंवा दुधी असतं आणि चिमटीत धरलं तर टणक लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत असतं. ओढलं की वरची साल निघून येते आणि आत बारीक दोरा तेवढा राहतो. अशी सगळी मुळं कापून टाका, दया दाखवू नका.

खोडाचं काम जास्त जपून करायचं. नवं ब्लेड घ्या, सर्जिकल स्पिरिटने पुसा आणि मऊ भागाच्या वर एक इंच सोडून आडवा काप द्या. कापलेला भाग नीट बघा. तो सगळा सारख्या फिक्या रंगाचा दिसला पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडेला तपकिरी वर्तुळ दिसलं तर अर्धा इंच वर पुन्हा कापा. प्रत्येक कापाआधी ब्लेड पुन्हा स्पिरिटने पुसायचं, नाहीतर कूज आपल्याच हाताने वर चढते. हातमोजे घाला. अग्लोनिमा अळू-सुरणाच्या कुळातला आहे आणि त्याच्या रसात तसेच सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, त्यामुळे खाज सुटते.

आता वास घ्या. कूज नासल्यासारखी घाण मारत असेल आणि खोडातून पाणी सुटत असेल तर ती जिवाणूंची मऊ कूज आहे. तिला औषध नाही. चांगला भाग भरपूर अंतर ठेवून कापून घ्यायचा, बाकीचं फेकायचं. वास नुसता ओल्या मातीसारखा असेल तर बहुधा पिथियम किंवा फायटोफ्थोरा आहे, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जिवांपैकी एक. इथे एक चूक सर्रास होते. दुकानात बुरशीनाशक मागितलं की कार्बेन्डाझिम हातात दिलं जातं, आणि या दोन्हींवर त्याचा उपयोग होत नाही, कारण त्या खऱ्या बुरशींपेक्षा वेगळ्या गटातल्या आहेत. त्यांच्यावर मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्रण चालतं, १ लिटर पाण्यात २ ग्रॅम. उरलेली मुळं आणि काप त्यात १५ मिनिटं बुडवा. पाकिटावरच्या सूचना वाचा, हे काम घराबाहेर करा आणि भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. औषध नसेल तरीही चालेल. स्वच्छ काप आणि मोकळं मिश्रण यांनीच निम्म्याहून जास्त काम होतं.

काप सुकवायला एरवी सावलीत एक दिवस पुरतो, पण सध्याच्या हवेत नुसतं ठेवून काही सुकत नाही. पंख्याखाली ५-६ तास ठेवा, कापलेली जागा हाताला कोरडी लागली पाहिजे.

शेंड्याला तीन-चार पानं ठेवा, खालची काढा, आणि तो काचेच्या बरणीत दोन इंच पाण्यात उभा करा. पानं पाण्यात बुडू द्यायची नाहीत. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. तीन ते पाच आठवड्यांत मुळं फुटतात. शेंडा आणि कुजका भाग यांच्यामध्ये टणक खोड उरलं असेल तर तेही टाकू नका. त्याचे ३-३ इंचांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर निदान दोन पेरं हवीत. जेमतेम ओलसर काळ्या तुसात (भाताच्या अर्धवट जाळलेल्या तुसात) ते आडवे, अर्धे बुडतील असे ठेवा. दोनेक महिन्यांत पेरांच्या डोळ्यांतून कोंब येतात. जावेला द्यायचं रोप यातूनच निघेल, पण नवरात्रात देऊ नका. मुळं फुटणं, कुंडीत लावणं आणि नवं पान उलगडणं एवढं झाल्यावरच ते दुसऱ्या घरची हवा सोसतं. दिवाळीच्या सुमारास बघा, नवं पान आलेलं नसेल तर आणखी थांबा. जोमदार, बऱ्याच फुटव्यांचं झाड असतं तर मुळांसकट फुटवा वेगळा करता आला असता, पण ते काम पाऊस सरल्यावर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचं असतं.

हे असं का झालं ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढच्या श्रावणात हीच वेळ येईल. अग्लोनिमा मूळचा ईशान्य भारतापासून न्यू गिनीपर्यंतच्या पावसाळी जंगलांतला. मग पावसाने तो मरावा कसा? कारण जंगलात त्याची मुळं पालापाचोळ्याच्या मोकळ्या थरात असतात. कितीही पाऊस पडो, पाणी वाहून जातं आणि पाचोळ्याच्या फटींत हवा राहते. तुमच्या कुंडीत त्या फटीच नव्हत्या. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो, आणि तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट हळू सरकतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरतं, गुदमरलेल्या मुळाला जखम होते आणि कूज तिथून आत शिरते. खालची पानं पिवळी पडणं ही त्याची पहिली खूण. दुर्दैवाने ती तहानेची खूण वाटते, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

तांबडी माती परसात पाणी धरत नाही अशी आपल्याकडे नेहमीची तक्रार असते, त्यामुळे ती कुंडीतही निचऱ्याची असेल असं वाटणं साहजिक आहे. परसात तिच्याखाली कित्येक फूट खोली असते, सच्छिद्र जांभा असतो. कुंडीत खोली सात इंच. चाळून घेतलेली ही माती बारीक शेणखतात मिसळली आणि रोज वरून पाणी पडत राहिलं की दोन महिन्यांत ती घट्ट बसते.

तळाच्या खापऱ्यांनी तर त्यात भरच घातली. हा समज फार पक्का आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. कोणत्याही कुंडीत पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक ओलाचिंब थर राहतोच. माती जितकी बारीक तितका तो जाड. बारीक मातीखाली जाड खापऱ्या असल्या तर पाणी मातीतून खापऱ्यांच्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही, ते मातीतच धरून राहतं. म्हणजे तो चिंब थर तळाऐवजी खापऱ्यांच्या वर, थेट मुळांच्या जागी येतो. भोकावर माती गळू नये म्हणून नारळाची चिमूटभर जटा किंवा जाळीचा तुकडा ठेवा, एवढंच. निचरा हवा असेल तर सगळं मिश्रणच जाडंभरडं करायला हवं.

त्यासाठी लागणारा माल तुमच्या आसपासच मिळतो, ही कोकणातली मोठी सोय. एखादा डबा मापाला घ्या: सोडणांचे (नारळाच्या सालीचे) सुपारीएवढे तुकडे २ डबे, काळं तूस किंवा चुलीतल्या लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे १ डबा, जांभ्याची किंवा विटेची हरभऱ्याएवढी खडी १ डबा, कोकोपीट १ डबा, चांगलं कुजलेलं गांडूळखत १ डबा. माती अजिबात नको. खडी आधी चाळून तिची भुकटी काढून टाका. जांभ्याची भुकटी ओली झाली की चिखल होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. समुद्रावरची वाळू कधीही घालू नका, तिच्यात मीठही असतं आणि शिंपल्यांचा चुनाही. चुलीतली राखही नको.

सोडणांबाबत एक गोष्ट चुकवू नका. नारळाच्या सालीत मुळातच क्षार असतात, आणि किनाऱ्यावरच्या माडांच्या सालीत जास्त. तुकडे पावसाच्या पाण्यात तीन दिवस भिजत घाला आणि रोज पाणी बदला. पहिल्या दिवशी ते चहासारखं लाल होतं, तिसऱ्या दिवशी बरंच फिकं येतं. कोकोपीटही भिजवून दोनदा पिळून घ्या.

मिश्रण भरून झालं की झाड लावण्याआधी परीक्षा घ्या. कुंडीत भरपूर पाणी एकदम ओता. काही सेकंदांत ते खालून यायला लागलं पाहिजे आणि वर साचून राहता कामा नये. वर डबकं दिसलं तर अजून सोडण आणि खडी मिसळा.

कुंडी ८ इंची घेऊच नका. शेंड्याला मुळं दोन इंचांची झाली की त्याच्यासाठी ४ इंची पुरे, पुढे मुळांनी ती भरली की ६ इंची. लहान मुळांभोवती मोठा ओला गोळा असला की तो आठवडाभर वाळत नाही. साधी भाजक्या मातीची कुंडी उत्तम. तिच्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते दिसायला बरं नसलं तरी झाडाला त्रास नसतो, अधूनमधून काथ्याने घासा. चिनी मातीची कुंडी कडेने वाळतच नाही, ती पावसाळी हवेसाठी नाही. बशीही काढा, आणि कुंडीखाली कौलाचे दोन तुकडे द्या, म्हणजे भोक फरशीला चिकटणार नाही.

पाण्याला वार ठरवू नका. एक हीर घ्या, खराट्याची असली तरी चालेल. ती कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. खालचा निम्मा भाग गडद आणि ओला असेल तर पाणी नाही. फक्त टोक ओलसर असेल तर पाणी द्या, आणि दिलं की खालून निथळेपर्यंत द्या. रोज थोडं थोडं घालण्यात दोन्हीकडून नुकसान आहे: वरचा थर कधी वाळत नाही आणि साठलेले क्षार कधी धुतले जात नाहीत. अशा मिश्रणात, पडवीच्या सावलीत, जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याची पाळी बहुधा दहा-बारा दिवसांनी येईल, ऑक्टोबरच्या उन्हात चार-पाच दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांनी. हे अंदाज आहेत, निर्णय हिरीनेच घ्यायचा.

पानांवरची फवारणी कायमची सोडा. हा सल्ला कोरड्या हवेचा आहे. अग्लोनिमाला हवेत साठेक टक्के आर्द्रता भरपूर झाली, तुमच्याकडे पावसाळ्यात ती ८५-९०च्या घरात असते. त्यात आणखी पाणी मारलं की ते पानांच्या बेचक्यांत साचतं, आणि मग काळसर, पाणी सुटलेले, भोवती पिवळी कडा असलेले ठिपके येतात. असं पान दिसलं तर देठासकट काढा.

पावसात ठेवणं सर्वस्वी चूक नाही. जूनच्या सुरुवातीला एखादी सर लागली तर पानं धुतली जातात, मातीतले क्षारही जातात. मग तासाभराने उचलून आत घ्यायचं. महिनाभर बाहेर, आणि बहुधा पागोळीखाली, हे त्याला झेपणारं नव्हतं.

उन्हाळ्यात टोकं करपली ती तहानेने नव्हे. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. तेच रोज थोडं थोडं पडलं, निथळून बाहेर गेलंच नाही, मीठ कुंडीत साठत गेलं. मूळ ते पाण्याबरोबर वर ओढतं, पाणी पानातून उडून जातं आणि मीठ टोकाशी राहतं. म्हणून करपायला सुरुवात नेहमी टोकाकडून होते. यावर उपाय पावसाचं पाणी. पहिल्या काही सरींनी कौलांवरची धूळ आणि खाऱ्या वाऱ्याचं मीठ वाहून गेलं की नंतरच्या पागोळीचं पाणी धरा आणि झाकणाच्या पिंपात साठवा. डास होऊ नयेत म्हणून तोंडाला कापड बांधा. एका लहान कुंडीला उन्हाळ्यात महिन्याला चार-पाच लिटर लागतं, तेवढं ३५ लिटरच्या एका कॅनमध्ये सहज मावतं. ते संपलं तर विहिरीचंच द्या, पण महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून सगळे क्षार खालून जाऊ द्या. फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

घर समुद्राच्या तोंडावर असेल तर आठवड्यातून एकदा पानं ओल्या मऊ फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. चकाकीसाठी खोबरेल लावू नका. पानाची श्वासरंध्रं बुजतात आणि तेलावर धूळ चिकटून बसते.

नवं पान हिरवट आलं याची काळजी करू नका, तो रोग नाही. गुलाबी भागात हरितद्रव्य कमी असतं, तिथे अन्न कमी तयार होतं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं आणि पडवीवर पुढे आलेलं छप्पर, म्हणजे उजेड फारच थोडा. झाड मग हिरवा भाग वाढवतं. उजेड पुरतो का हे बघायचं तर दुपारी बाराला पानांच्या फूटभर वर हात धरा. पानांवर हाताची पुसट पण ओळखू येणारी सावली पडली तर ठीक, पडलीच नाही तर उजेड कमी. झाड पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणा. सकाळचं साडेआठपर्यंतचं ऊन चालतं, त्यानंतरचं नको. मार्चपासून कातळावरून किंवा सिमेंटच्या खळ्यावरून येणारी तिरीप थेट उन्हाइतकीच पानं भाजते, तेव्हा ते आत सरकवा. घरात उजेडाची जागाच नसेल तर ९ वॅटचा साधा पांढरा एलईडी दिवा पानांच्या फूट-दीड फूट वर लावून दिवसाला दहा तास चालू ठेवा. जुनं पान पुन्हा गुलाबी होत नाही, पुढची बघा. हिरव्या-चंदेरी पानांच्या सिल्व्हर क्वीनसारख्या जाती कमी उजेडातही तग धरतात. तुमच्या पडवीला खरं तर तीच जात जास्त मानवली असती, जावेकडे उजेड कमी असेल तर तिला गुलाबीऐवजी ती द्या.

खत आता अजिबात नको. मुळं नसलेल्या झाडाला खत म्हणजे मिठाचा आणखी एक डोस. नवी दोन पानं आली की ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा १९:१९:१९ विद्राव्य खत, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, तेही ओल्या मिश्रणावर. मासे धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात उत्तम, पण घरातल्या कुंडीत घातलं तर वास, माश्या आणि मुंग्या होतात.

मुंग्या दिसल्याच तर पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस शोधा. तो पिठ्या ढेकूण असतो, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसा, मग १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली भांडी घासायचा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठ-आठ दिवसांनी तीनदा. पानांना रात्रीतून भोकं पडत असतील तर बॅटरी घेऊन गोगलगाय शोधा आणि उचलून टाका. तिच्यावर मीठ टाकायची आपल्याकडे सवय आहे, निदान कुंडीत ते करू नका.

घरात रांगतं मूल किंवा पानं कुरतडणारं मांजर असेल तर झाड उंचावर ठेवा. चावलं गेलं तर तोंडात जळजळ होते आणि लाळ गळते. तोंड पुसून थंड पाणी किंवा दूध द्या, आणि सूज आली किंवा गिळता येईना तर डॉक्टरांकडे लगेच न्या.

शेवटी, काढून टाकलेली माती आणि कुजकी मुळं परसात भिरकावू नका, पोफळीच्या बुडाशी तर नाहीच. पोफळीवरचा कोळेरोग फायटोफ्थोरामुळेच होतो, आणि माडाची शेंडाकूजही. हा कचरा वाडीपासून लांब खड्ड्यात पुरा, उतार बागेकडे नको. चिनी कुंडी घासून, १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून, पाऊस सरल्यावर कडक उन्हात दोन दिवस ठेवा. मग ती दुसऱ्या एखाद्या झाडाला वापरता येईल.